पन्नास मिलिग्रॅमची बखर

औषधाच्या वेष्टनावर बारीक अक्षरांत छापलेला मात्रेचा आकडा वाचताना आपली सर्वसाधारण समजूत अशी असते, की कोणा विद्वानाने तो प्रयोगशाळेत एकदाच शोधून काढला आणि तेव्हापासून तो त्रिकालाबाधित सत्य म्हणून तेथे विराजमान आहे. वस्तुस्थिती पुष्कळ निराळी असते. बहुतेक औषधांची मात्रा ही प्रयोगशाळा, बाजार आणि सरकारदरबार या तिघांमध्ये वर्षानुवर्षे चाललेल्या तंट्याचा एक निवाडा असते, आणि निवाडा म्हटला की त्याच्यावर पुढे अपील होण्याचा संभव आलाच. सर्दी, खाज, अंगावर उठलेले पित्त, गाडी लागणे आणि निद्रानाश अशा परस्परांशी वरकरणी काहीही संबंध नसलेल्या तक्रारींवर गेली पाऊणशेहून अधिक वर्षे दिला जाणारा, आणि घेणाऱ्यास हटकून गुंगी आणणारा, जो औषधवर्ग वैद्यकात अँटिहिस्टामिन या नावाने ओळखला जातो, त्याच्या बाबतीत तर हे अपील अद्यापही चालूच आहे.

ज्या द्रव्याच्या बंदोबस्तासाठी हा वर्ग जन्माला आला, त्या द्रव्याची ओळख जगाला फार सावकाश पटली. मोनॅकोच्या आल्बेर राजाच्या जहाजावर सागरी प्राण्यांच्या विषाचा अभ्यास आरंभलेल्या शार्ल रिशे आणि पोल पोर्तिए या दोघा फ्रेंच शास्त्रज्ञांनी १९०२ साली असे दाखवून दिले, की विषाची अल्प मात्रा एकदा पचवलेला कुत्रा काही आठवड्यांनी तशाच अल्प मात्रेने काही मिनिटांत गतप्राण होऊ शकतो. म्हणजे शरीराचे रक्षण करण्यासाठी ठेवलेली फौजच क्वचित्प्रसंगी धन्यावर उलटते. चार वर्षांनी व्हिएन्नाच्या क्लेमेन्स फॉन पिर्के यांनी अशा बदललेल्या प्रतिक्रियेला ‘अ‍ॅलर्जी’ हे नाव दिले. तिकडे जर्मनीत अ‍ॅडॉल्फ विंडाउस यांनी आपल्या सहकाऱ्यासह १९०७ मध्ये हिस्टामिन हे द्रव्य तयार केले होते, परंतु ते निव्वळ रसायनशास्त्राच्या कुतूहलापोटी. शरीरात त्याचे काय कार्य असावे याची त्यांना कल्पना असण्याचे कारण नव्हते. ती कल्पना आणून दिली इंग्लंडच्या हेन्री डेल यांनी. राय नावाच्या धान्यावर पडणाऱ्या अर्गट बुरशीच्या अर्कात हेच द्रव्य सापडल्यावर डेल आणि त्यांचे सहकारी पॅट्रिक लेडलॉ यांनी १९१० पासून ते प्राण्यांना टोचून पाहिले, तेव्हा गिनीपिगच्या श्वासनलिका आवळल्या गेल्या, इतर प्राण्यांचा रक्तदाब कोसळला, आणि रिशे यांच्या कुत्र्यांच्या मरणाशी या सगळ्याचे विलक्षण साम्य दिसून आले. हे द्रव्य यकृतात आणि फुप्फुसात स्वभावतःच असते, ते बाहेरून यावे लागत नाही, ही गोष्ट निर्विवाद सिद्ध व्हायला मात्र १९२७ साल उजाडावे लागले.

शत्रू घरातलाच आहे हे कळल्यावर त्याच्यावर उतारा शोधणे क्रमप्राप्त होते. पॅरिसच्या पाश्चर इन्स्टिट्यूटमध्ये एर्नेस्ट फुर्नो यांच्या विभागात काम करणारे दानिएल बोवे आणि त्यांची विद्यार्थिनी अ‍ॅन-मारी स्टॉब यांनी १९३७ मध्ये ‘९२९ एफ’ या क्रमांकाचे एक संयुग तपासले. हिस्टामिनच्या प्राणघातक मात्रेपासूनही ते गिनीपिगला वाचवीत होते. परंतु ते स्वतःच इतके विषारी होते, की मनुष्याला देण्याचा विचारही करता येईना. या औषधवर्गाच्या पहिल्याच पानावर मात्रेचा प्रश्न असा दत्त म्हणून उभा राहिला: जितके दिल्याने गुण येतो, तितक्यानेच अपायही येतो, आणि या दोहोंमधली वाट इतकी अरुंद, की तिच्यावरून रोग्याला चालवणे धोक्याचे. ही वाट रुंद करणे म्हणजेच पुढच्या दहा वर्षांचे संशोधन. बोवे यांना १९५७ साली नोबेल पारितोषिक मिळाले तेव्हा ९२९ एफ केव्हाच विस्मृतीत गेले होते. पण ज्याच्यामुळे वाट दिसली त्याला निरुपयोगी कसे म्हणावे?

जर्मन फौजांनी व्यापलेल्या फ्रान्समध्ये, जिथे कोळसा आणि पाव दोन्ही मोजून मिळत होते, तिथे १९४२ साली बर्नार हालपर्न यांनी अँटर्गान हे मनुष्याला देता येईल असे या वर्गातले पहिले औषध पुढे आणले, आणि दोन वर्षांनी त्याची अधिक सौम्य आवृत्ती निओ-अँटर्गान अवतरली. युद्धामुळे फ्रान्समधील शोधनिबंधांना अटलांटिक ओलांडून अमेरिकेत पोहोचणे दुरापास्त होते, म्हणून अमेरिकेने आपली वाट आपणच काढली. आणि ती काढणारा मनुष्य या वाटेने निघालाच नव्हता.

जॉर्ज रिव्हेशल हा ओहायो राज्यातला तरुण. त्याला व्हायचे होते व्यापारी चित्रकार. परंतु १९३० नंतरच्या मंदीत चित्रकाराला नोकरी कोण देणार? नाइलाजाने तो सिनसिनाटी विद्यापीठात रसायनशास्त्राकडे वळला आणि तेथेच अध्यापक झाला. स्नायूंची आकडी सोडवणारे एखादे द्रव्य मिळावे या हेतूने तो संयुगे जोडीत असता १९४३ च्या सुमारास डायफेनहायड्रामिन हे संयुग त्याच्या हाती आले. पार्क-डेव्हिस कंपनीच्या प्रयोगशाळेत ते गिनीपिगवर तपासले गेले, तेव्हा आकडीपेक्षा हिस्टामिनवर त्याचा अंमल कितीतरी प्रभावी असल्याचे आढळले. १९४६ साली अमेरिकेत ते बेनाड्रिल या नावाने, डॉक्टरच्या चिठ्ठीवर, विक्रीस आले. आपल्याकडे बेनाड्रिल म्हटले की कोणाच्याही डोळ्यांपुढे खोकल्याची बाटली येते. परंतु त्या बाटलीचे घराणे मुळात अंगावरच्या गांधींचे आणि वाहत्या नाकाचे आहे, हे येथे नमूद करून ठेवावे.

या औषधाने पित्त उठलेल्या माणसाची खाज थांबते, गवताच्या परागांनी वाहणारे नाक थांबते, हे पहिल्या महिन्यांतच दिसून आले. आणि त्याच महिन्यांत हेही दिसून आले, की रोगी पेंगू लागतात. ज्या वैद्यांनी हे पहिले अहवाल लिहिले, त्यांनी पेंग ही अपायांच्या सदरात टाकली, आणि ती तेथेच असायला हवी होती. मोटार हाकणाऱ्याने, यंत्रावर काम करणाऱ्याने जपावे, मद्याबरोबर घेऊ नये, हे इशारे आज वेष्टनावर जसे दिसतात त्यांचे बीज त्या अहवालांतच आहे. परंतु बाजाराची दृष्टी वैद्याच्या दृष्टीहून वेगळी असते. वैद्य ज्याला अपाय म्हणतो त्याला गिऱ्हाईक आहे का, हा बाजाराचा प्रश्न. आणि झोपेला गिऱ्हाईक केव्हा नव्हते?

तत्पूर्वी एक मजेचे प्रकरण घडले. बाल्टिमोरच्या जॉन्स हॉपकिन्स रुग्णालयात लेस्ली गे आणि पॉल कार्लायनर हे दोघे डॉक्टर एका नव्या गोळीची अ‍ॅलर्जीवर परीक्षा पाहत होते. या गोळीत डायफेनहायड्रामिनला गुंगीवर उतारा म्हणून कॅफिनच्या जातीचे एक उत्तेजक द्रव्य जोडलेले होते. गुंगी काही त्याने जायची तशी गेली नाही, ही गोष्ट अलाहिदा. अंगावर पित्त उठणाऱ्या एका रुग्णेने सहज सांगितले, की पित्ताचे काय व्हायचे ते होवो, पण ट्रॅममध्ये बसले की जी मळमळ व्हायची ती या गोळीने पार नाहीशी झाली. डॉक्टरांनी ही तक्रारवजा वार्ता कानाआड टाकली नाही, यातच त्यांचे मोठेपण. १९४७ च्या नोव्हेंबरात ‘जनरल बलू’ नावाचे लष्करी जहाज न्यूयॉर्कहून जर्मनीतील ब्रेमरहाफेनकडे निघाले, तेव्हा खवळलेल्या अटलांटिकवर, आतडी पिळवटून निघालेल्या शेकडो सैनिकांवर या गोळीची रीतसर चाचणी झाली आणि ती ड्रामामिन या नावाने १९४९ मध्ये जगजाहीर झाली.

बोट लागणे म्हणजे काय हे कोकणी माणसाला सांगायला नको. मुंबईहून रत्नागिरी, मालवण, पणजीकडे जाणाऱ्या आगबोटींच्या काळात पावसाळ्याच्या तोंडाशी प्रवास करणारी कुटुंबे लिंबू हुंगत, आवळकाठी चघळत, डोळे मिटून डेकवर पडून राहत. आणि पुढे एस.टी.चे युग आले तेव्हा घाटाच्या वळणांनी हाच वारसा जसाच्या तसा पुढे चालवला. त्या वळणांवर महाराष्ट्राला भेटली ती अव्होमिन. तिच्यातले औषध प्रोमेथाझिन. फ्रान्सच्या रोन-पूलेंक कंपनीत पॉल शार्पांतिए यांनी जोडलेले, आणि हालपर्न यांनीच पारखलेले. म्हणजे पाचव्या दशकातील फ्रेंच रसायनशाळेचा हा वंशज आंबेनळीच्या घाटात, खिडकीशी बसलेल्या प्रवाशाच्या कनवटीला जाऊन पोहोचला. प्रौढ माणसाने २५ मिलिग्रॅमची एक गोळी प्रवासाच्या एक ते दोन तास आधी घ्यावी अशी तिची रीत. गाडी घाट चढू लागल्यावर आणि पोट ढवळू लागल्यावर घेतली तर तिचा उपयोग बहुधा गाडी घाट उतरल्यावर होतो, आणि मग मुक्कामी पोहोचलेला पाहुणा यजमानांच्या ओसरीवर संध्याकाळपर्यंत घोरत पडतो, हा अनुभव महाराष्ट्रात घरोघर आहे. त्याच प्रोमेथाझिनच्या गुंगीने फ्रेंच नौदलातील शल्यविशारद आंरी लाबोरी यांचे लक्ष वेधले. शस्त्रक्रियेपूर्वी रोग्याला ते दिले असता रोगी झोपत नाही तितका निर्विकार होतो, असे त्यांनी टिपून ठेवले. शार्पांतिए यांनी तो धागा धरून १९५० च्या डिसेंबरात क्लोरप्रोमाझिन तयार केले, आणि दोन वर्षांत मनोरुग्णालयांचा कायापालट सुरू झाला. एका अपायाच्या पोटी एवढे मोठे उपकारक औषध जन्मावे, हे वैद्यकाच्या इतिहासातील एक विस्मयजनक प्रकरण आहे. परंतु त्याची बखर स्वतंत्र लिहावी लागेल.

बाजार मात्र इतका कल्पक नव्हता. १९४९ मध्ये अमेरिकी सरकारने या वर्गातील काही औषधे अल्प मात्रेत, चिठ्ठीवाचून विकण्याची मुभा दिली, त्याबरोबर अ‍ॅनाहिस्ट, इन्हिस्टन, क्रिप्टिन अशा नावांच्या गोळ्यांचे पेव फुटले. सर्दी सुरू होताच गोळी घ्या, सर्दी तिथल्या तिथे थांबेल, अशी ग्वाही जाहिराती देऊ लागल्या. सर्दी हा विषाणूचा रोग, अ‍ॅलर्जीचा नव्हे. पण नाक दोन्हींत वाहते, आणि वाहणाऱ्या नाकाला कारणमीमांसेशी कर्तव्य नसते. इंग्लंडच्या मेडिकल रिसर्च कौन्सिलने १९५० साली रीतसर तुलनात्मक चाचणी घेतली आणि निष्कर्ष असा निघाला, की ही गोळी घेणारे आणि तिच्यासारखीच दिसणारी निःसत्त्व गोळी घेणारे यांच्या सर्दीत सांगण्यासारखा फरक पडत नाही. अमेरिकेत व्यापार आयोगाने त्याच वर्षी या कंपन्यांविरुद्ध फिर्यादी दाखल केल्या. गोळ्या मात्र टिकून राहिल्या, आणि सर्दीच्या संयुक्त गोळीत आजही या वर्गातले एखादे औषध असतेच. दीर्घायुष्य हे गुणावर अवलंबून असते असे मानणाऱ्याने औषधांच्या दुकानाचा इतिहास वाचू नये.

याच दशकात झोपेच्या गोळीचा धंदा उभा राहिला. सोमिनेक्स आणि तिच्या भाऊबंद गोळ्यांत मेथापायरिलिन नावाचे अँटिहिस्टामिन आणि जोडीला स्कोपोलामिन हे धोतऱ्याच्या कुळातील द्रव्य असे. बार्बिच्युरेट औषधांची जीवघेणी सवय लागते हे तोवर सर्वांना कळून चुकले होते. तेव्हा ‘सवय न लागणारी, निर्धोक, चिठ्ठीवाचून मिळणारी’ अशी तिची थोरवी गाणे सोपे होते. वास्तविक अपायाचे नाव बदलून त्याला गुण म्हणून दुकानात मांडण्याचा हा उद्योग. १९३७ साली सल्फानिलामाइडच्या एका पातळ औषधाने अमेरिकेत शंभरांवर माणसे दगावली, तेव्हा पुढच्या वर्षी कायदा होऊन नव्या औषधाची निर्धोकता सिद्ध करणे सक्तीचे झाले. ते औषध उपयोगी आहे हेही सिद्ध करावे, हा दंडक १९६२ मध्ये आला. आणि तोवर बाजारात येऊन बसलेल्या चिठ्ठीवाचूनच्या हजारो औषधांची एकेक करून झडती घेण्याचे अवाढव्य काम अमेरिकी औषध प्रशासनाने १९७२ मध्ये अंगावर घेतले. झोपेच्या गोळ्यांची पाळी आली तेव्हा एकेक मोहरा गळू लागला. ब्रोमाइडे गेली, स्कोपोलामिन गेले. आणि उंदरांच्या यकृतात मेथापायरिलिनमुळे कर्करोग होतो असे आढळून आल्याने १९७९ साली तेही बाजारातून उठले. पंचवीस वर्षे जी गोळी निर्धोक म्हणून उशाशी ठेवली गेली, तिची ही गत.

मोकळ्या झालेल्या आसनावर डायफेनहायड्रामिन येऊन बसले. चाचण्या, हरकती, सुनावण्या असा सारा सोपस्कार होऊन १९८९ च्या फेब्रुवारीत अंतिम नियम प्रसिद्ध झाला: प्रौढाने झोपेसाठी निजण्यापूर्वी ५० मिलिग्रॅम, एकदाच, आणि निद्रानाश सतत दोन आठवड्यांहून अधिक टिकला तर डॉक्टरांस विचारावे, कारण तो एखाद्या गंभीर आजाराचे लक्षण असू शकतो. अ‍ॅलर्जीसाठीचा नियम १९९२ च्या डिसेंबरात आला: २५ ते ५० मिलिग्रॅम, दर चार ते सहा तासांनी, आणि चोवीस तासांत ३०० मिलिग्रॅमहून अधिक नाही. हे दोन नियम शेजारी ठेवून वाचावेत. तेच द्रव्य, तेवढेच ५० मिलिग्रॅम. एका वेष्टनावर गुंगी हा इशारा आहे, तर दुसऱ्यावर तोच औषधाचा उद्देश आहे. कायद्याच्या दप्तरात हा अंतर्विरोध खपून जातो, मेंदूत मात्र खपत नाही.

मेंदूत काय घडते, तेही सांगितले पाहिजे. हिस्टामिन हे केवळ खाजेचे आणि शिंकांचे द्रव्य नव्हे. मेंदूच्या तळाशी, हायपोथॅलॅमसच्या मागील अंगास, पेशींचा एक लहानसा पुंजका हिस्टामिनच्याच साह्याने अवघ्या मेंदूला जागे ठेवीत असतो. जुनी अँटिहिस्टामिने स्निग्ध पदार्थांत सहज विरघळतात, म्हणून रक्त आणि मेंदू यांच्यामधली चौकी ती विनापरवाना ओलांडतात आणि त्या पहारेकऱ्याचेच हात बांधतात. शिवाय ती अ‍ॅसिटिलकोलिन या दुसऱ्या द्रव्याचाही मार्ग अडवतात; त्यामुळे तोंड कोरडे पडते, मलावरोध होतो, दृष्टी अंधुक होते, प्रोस्टेट ग्रंथी वाढलेल्या वृद्धाची लघवी तुंबते, आणि काचबिंदूच्या एका प्रकारात डोळ्यातील दाब चढतो. मात्रा फार चढली, की गुंगी संपून उलटाच प्रकार सुरू होतो: भ्रम, बडबड, झटके, हृदयाच्या ठोक्यांत बिघाड. अधिक गोळ्यांनी अधिक गाढ झोप लागेल हा हिशेब म्हणूनच सर्वस्वी चुकीचा आहे. तीनशे मिलिग्रॅमची मर्यादा ओलांडणाऱ्याला झोपेची हमी कोणीच देऊ शकत नाही. त्याला न्यावे लागते रुग्णालयात, आणि तेही वाट न पाहता.

मात्रेचे दुसरे अंग म्हणजे काळ. तरुण प्रौढाच्या रक्तात या औषधाचे प्रमाण निम्म्यावर यायला सुमारे नऊ तास लागतात. वृद्धाला साडेतेरांच्या आसपास. रात्री अकराला घेतलेल्या गोळीचा अर्धा अंश तरुणाच्या रक्तात सकाळी आठला, तर आजोबांच्या रक्तात दुपारी साडेबारापर्यंत फिरत असतो, आणि आजोबा न्हाणीघरात पाय घसरून पडले तर दोष ओल्या फरशीला दिला जातो. अमेरिकेतील वृद्धवैद्यकाचे मार्क बीअर्स यांनी १९९१ साली वृद्धांनी टाळावयाच्या औषधांची जी यादी आरंभली, तिच्यात ही जुनी अँटिहिस्टामिने ठाण मांडून आहेत. आपल्याकडे ज्याला दवाखान्यात नुसते ‘सीपीएम’ म्हणतात त्या क्लोरफेनिरामिनची प्रौढाची मात्रा ४ मिलिग्रॅम, दर चार ते सहा तासांनी, आणि दिवसाची मर्यादा २४. ब्रिटिश औषधग्रंथ मात्र वृद्धांसाठी ही मर्यादा निम्म्यावर, १२ वर, आणतो. आणि ज्यांना झोपेसाठी ही गोळी नित्य हवी असते त्यांच्यासाठी एक वार्ता: डायफेनहायड्रामिन रोज दोनदा देऊन पाहिलेल्या, २००२ साली प्रसिद्ध झालेल्या एका चाचणीत चौथ्या दिवशी त्याची गुंगी निःसत्त्व गोळीहून वेगळी ओळखता येईना. शरीर तीन दिवसांत तिला सरावते. तरीही माणूस ती महिनोन्‌महिने घेतो, आणि सरावत नाहीत ते कोरडे तोंड आणि मलावरोध तेवढे पदरात पाडून घेतो.

‘मला काही गुंगी येत नाही’ असे सांगणारी माणसे प्रत्येक घरात असतात, आणि या साऱ्या इतिहासातला मला सर्वांत महत्त्वाचा वाटणारा प्रयोग त्यांच्याविषयीचा आहे. आयोवा विद्यापीठाच्या संशोधकांनी परागज्वर असलेल्या चाळीस वाहनचालकांना मोटारीच्या सादृश्ययंत्रात बसवले, आणि निरनिराळ्या दिवशी त्यांना ५० मिलिग्रॅम डायफेनहायड्रामिन, नव्या पिढीतील फेक्सोफेनाडिन, निःसत्त्व गोळी आणि रक्तात ०.१ टक्का भरेल इतके मद्य दिले. निष्कर्ष २००० साली प्रसिद्ध झाले. डायफेनहायड्रामिन घेतलेल्यांचे वाहन हाकणे मद्य घेतलेल्यांपेक्षाही बिघडले होते. आणि आपल्याला किती पेंग येते आहे याविषयी चालकांनी स्वतः जे सांगितले, त्यावरून कोणाचे हाकणे किती बिघडणार हे मुळीच वर्तवता येत नव्हते. मद्यप्याला निदान आपण प्यालो आहोत एवढे तरी ठाऊक असते. या गोळीची गुंगी भोगणाऱ्यालाच दिसत नाही, आणि म्हणून मात्रेच्या बाबतीत स्वतःचा अनुभव हा साक्षीदार म्हणून उभा करता येत नाही. वेष्टनावरच्या छापील आकड्याचाच शब्द प्रमाण मानावा लागतो.

गुंगी न आणणारी दुसरी पिढी आली तीही ठेचकाळतच. टर्फेनाडिन १९८५ मध्ये अमेरिकेत मोठ्या थाटाने आले, आणि एरिथ्रोमायसिनसारख्या काही औषधांबरोबर घेतल्यास ते हृदयाची लय बिघडवते म्हणून १९९८ मध्ये परत गेले. शरीरात त्याचेच रूपांतर होऊन जे द्रव्य तयार होते ते फेक्सोफेनाडिन मात्र या दोषापासून मुक्त ठरले. सेटिरिझिन, लोराटाडिन, फेक्सोफेनाडिन ही आजची चलनी नाणी. यांपैकी सेटिरिझिनने काहींना थोडी पेंग येते.

आता आपल्या मुलखाचा दाखला. गुंगी आणून काम भागवण्याची कल्पना महाराष्ट्राला अपरिचित नव्हती. मुंबईच्या गिरणगावात कामावर जाणाऱ्या आया तान्ह्या मुलांना अफूची बाळागोळी देऊन निजवीत असत, हे विसाव्या शतकाच्या तिसऱ्या दशकातील चौकशांत नमूद आहे. आणि त्या आयांना दोष देण्यापूर्वी त्यांच्या कामाचे तास मोजावेत. औषधांच्या बाजारात त्या काळी सावळागोंधळच होता. कर्नल रामनाथ चोपडा यांच्या अध्यक्षतेखाली १९३० साली चौकशी समिती नेमली गेली, तिने पुढच्या वर्षी अहवाल दिला, आणि त्यातून १९४० चा औषधे कायदा व १९४५ चे नियम अस्तित्वात आले. या नियमांत अनेक परिशिष्टे आहेत. ‘एच’ परिशिष्टातील औषधाला डॉक्टरची चिठ्ठी सक्तीची. ‘जी’ परिशिष्टात मात्र केवळ एवढाच दंडक, की वैद्यकीय देखरेखीवाचून हे औषध घेणे धोक्याचे आहे असा इशारा वेष्टनावर छापावा. फेनिरामिन, क्लोरफेनिरामिन, डायफेनहायड्रामिन, प्रोमेथाझिन ही सारी मंडळी या ‘जी’ परिशिष्टात नांदतात. फेनिरामिन म्हणजे आपली घरोघरची अ‍ॅव्हिल. पित्त उठले की आमसुलाचे पाणी अंगाला लावावे आणि एक अ‍ॅव्हिल घ्यावी, हा आमच्याकडचा उपचार इतका रूढ आहे, की त्यातला दुसरा अर्धा भाग परदेशी रसायनशाळेतून आला याचे कोणाला भान राहिलेले नाही. इशारा छापलेला असतो, तो इंग्रजीत असतो, आणि कात्रीने कापून दिलेल्या दोन गोळ्यांच्या तुकड्यावर तो अर्धाच येतो.

खरी गफलत होते ती बेरजेत. दुकानातून आणलेल्या सर्दीच्या संयुक्त गोळीत बहुधा क्लोरफेनिरामिन असते. खोकल्याच्या बाटलीत डायफेनहायड्रामिन किंवा पुन्हा क्लोरफेनिरामिनच. आणि खाज सुटली म्हणून वर अ‍ॅव्हिल. तिन्हींची नावे निराळी, रंग निराळे, आणि प्रत्येकाची मात्रा आपापल्या वेष्टनानुसार अगदी निर्दोष. परंतु घेणाऱ्याच्या मेंदूला नावे कळत नाहीत, त्याच्यापुढे एकाच वर्गाची तिप्पट रक्कम जमा होते. त्यात रात्री झोपेची किंवा फिटची दुसरी गोळी चालू असेल, अथवा संध्याकाळी एखादा प्याला झाला असेल, तर हिशेब आणखी वाढतो. मुलांच्या बाबतीत सरकारने अखेर पाऊल उचलले: क्लोरफेनिरामिन आणि फेनिलेफ्रिन यांचे सर्दीवरचे संयुक्त औषध चार वर्षांखालील मुलांना देऊ नये, असा इशारा वेष्टनावर छापण्याचे फर्मान केंद्रीय औषध नियंत्रकांनी २०२३ च्या डिसेंबरात काढले. प्रौढांसाठी तसे फर्मान नाही. प्रौढाने आपली बेरीज आपणच करावी अशी कायद्याची अपेक्षा दिसते.

२०२५ साली अमेरिकेतील काही अ‍ॅलर्जीतज्ज्ञांनी जागतिक अ‍ॅलर्जी संघटनेच्या नियतकालिकात लेख लिहून अशी मागणी केली, की डायफेनहायड्रामिनला आता कायमचा निरोप द्यावा आणि ते दुकानांतून उठवावे. मागणी मान्य होईल की नाही हे सांगता येत नाही, आणि आपल्याकडे तर अ‍ॅव्हिल आणि सीपीएम यांच्या स्वस्ताईपुढे ती उच्चारणेही कठीण. तोवर वाचकांना विनंती एवढीच, की घरात सत्तरीपुढचे कोणी असेल तर त्यांच्या औषधांच्या डब्यातील सर्दीच्या, खाजेच्या, खोकल्याच्या आणि झोपेच्या सगळ्या गोळ्या-बाटल्या एका पिशवीत घालून पुढच्या भेटीत डॉक्टरांपुढे ठेवाव्यात, आणि यांतल्या किती एकाच वर्गाच्या आहेत ते विचारावे.